बाजिंद्याचे तीन चिंचोके

“मेलो का मी?” हंबीरनं विचारलं.

टेबलाच्या त्या टोकाला धैर्यशीलनं पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला होता. त्याच्यामागं त्यानं फासा टाकला, वाकून बघितलं आणि साळसूद चेहऱ्यानं म्हणाला, “नाही रे. थोडक्यात वाचलास. भाला खांद्याला चाटून गेला.”

“परत?”

“परत म्हणजे? नशीब जोरावर आहे लेका तुझं.”

मी हंबीरच्या शेजारी बसले होते. मान जराशी लांब केली की मला आडोशामागचा फासा दिसायचा. भाला खांद्याला वगैरे काही चाटला नव्हता. सरळ बरगडीत घुसला होता.

हा आमचा रविवार दुपारचा खेळ. आमच्या मिरजेच्या घरात, जेवणं झाली की मधल्या खोलीत बसायचो. याला पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण गोष्ट सांगतो, त्याला आम्ही कारभारी म्हणायचो, आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. मी दांडपट्टा फिरवणारी रखमा, आमची मैत्रीण नाझिया वैदीण, आणि माझा धाकटा भाऊ हंबीर म्हणजे बाजिंदा नावाचा चोर. तटावरून उडी मारली तर काय होईल, पहारेकरी गंडेल का, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो, आणि तुमच्या माणसाच्या अंगात जे गुण असतील ते त्या फाशाला हात देतात. हंबीरचा शाळेपासूनचा दोस्त धैर्यशील बहुतेक वेळा कारभारी असायचा. पण खेळ मुळात हंबीरनंच रचलेला. कित्येक वर्षं घासूनपुसून नियमांची ही जाडजूड फाइल केली होती पठ्ठ्यानं.

आणि एक रीत होती, ती मात्र फाइलीत नव्हती. ज्याचं माणूस मेलं त्यानं उठून सगळ्यांना चहा करायचा. धैर्यशील त्याला ‘तेराव्याचा चहा’ म्हणायचा आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, “भरल्या घरात असलं अभद्र बोलू नका रे!” हा चहा बहुतेक वेळा हंबीरच्याच वाट्याला यायचा. खाली पाणी आहे का खडक, हे बघायच्या आधी उडी मारणारा गडी तो. चहा मात्र झकास करायचा, आलं ठेचून.

हे सगळं अपघाताच्या आधीचं. एका संध्याकाळी अंकलीकडून येताना त्याची मोटरसायकल उसाच्या ट्रॉलीवर आदळली. हातपाय वाचले, जीव वाचला, बोलणंही हळूहळू परत आलं. आकडे आले नाहीत. दहावीच्या पोरांना गणित शिकवणारा माझा भाऊ! सतरातून दहा वजा करायचे म्हटलं की सतरा धरून ठेवेपर्यंत दहा सुटायचे, दहा धरले की सतरा गायब. घाम फुटायचा त्याला. बघवायचं नाही.

आणि आमचा खेळ म्हणजे नुसते आकडे. आठ गुण होते: ताकद, चपळाई, दम, बुद्धी, शहाणपण, नजर, धाडस आणि वजन, म्हणजे चारचौघांतला दरारा. प्रत्येकाचा आकडा सुरुवातीलाच फासे टाकून ठरायचा, तीन ते अठरापर्यंत. त्यातून दहा वजा करा, उरलेल्याचं निम्मं करा, अर्धा आला तर सोडा, मग ते फाशात मिळवा, मग जखमेचे वजा, हत्याराचे अधिक. पूर्वी हंबीर हे सगळं शेंगदाणे खाता खाता करायचा. आता आम्ही त्याच्यासाठी करायला लागलो. आणि त्याच्यासाठी करता करता, सगळ्यांच्या मूक संमतीनं, त्याच्या बाजूनंही करायला लागलो. बिचारा एवढं सोसून आलाय, निदान खेळात तरी कशाला मारायचं, असं प्रत्येकाला वाटायचं.

तर त्या रविवारी भाला खांद्याला चाटून गेला, आणि हंबीरनं पेन्सिल खाली ठेवली.

“दिवाळीपासून,” तो सावकाश म्हणाला. त्याला एकेक शब्द शोधून आणावा लागायचा. “दिवाळीपासून मी चहा केला नाही.”

“मी करते की,” नाझिया चटकन उठली. “आलं घालून ना?”

“बस.” त्यानं तिच्याकडे बघितलंही नाही. बघत होता धैर्यशीलकडे. “तू दोनदा केलास. नाझियानं केला. ताईनं केला. मी नाही. पडलो, बुडलो, भाला लागला. तरी नाही.” मग आवाज चढला. “तुम्ही मला मरू देत नाही!”

नेमकी त्याच वेळी आई चिवड्याच्या वाट्या घेऊन दारात उभी. तिचा चेहरा पांढराफटक पडला. “काय म्हणाला हा? मधू, काय म्हणाला?” तिनं मला विचारलं.

“काही नाही काकू, खेळातलं आहे ते,” धैर्यशील म्हणाला.

“खेळातलंच,” हंबीर म्हणाला. “पण खोटं.” त्यानं बाजिंद्याचा कागद चुरगळून टेबलावर टाकला, आत गेला आणि दार लावून घेतलं.

पुढच्या रविवारी तो बाहेर आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. मला त्याची भीती वाटली, खरं सांगते. पाहुणे यायचे ते याच्याशी बहिऱ्याशी बोलावं तसं मोठमोठ्यानं बोलायचे, म्हणून पाहुण्यांत बसणं त्यानं सोडलं होतं. क्लासची पोरं भेटायला यायची, त्यांच्यासमोर जाणं सोडलं होतं. घरात आई त्याला गॅसजवळ फिरकू देत नव्हती, कारण इस्पितळातून आल्यावर एकदा तो दूध ठेवून विसरला होता. उरलं होतं ते एवढं एक टेबल. तेही गेलं तर माझा भाऊ त्या खोलीतून परत बाहेर येणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं.

आई म्हणाली, “नको तो खेळ. त्रास होतो त्याला.”

“खेळाचा नाही होत,” मी म्हणाले. “आपला होतोय.”

आणि मी कंबर कसली. मी काही हंबीरसारखी हुशार नाही. आमची खारी-टोस्टची बेकरी आहे, ती मी चालवते. पण एकदा एखादी गोष्ट डोक्यात घेतली की माझी आईसुद्धा माझ्या वाटेला जात नाही. जो खेळ त्याला स्वतःच्या हातानं खेळता येईल, कुणाच्या मदतीशिवाय, कुणाच्या दयेशिवाय, तसा तो करायचा. बास.

धैर्यशील बेकरीत टोस्ट न्यायला आला तेव्हा त्याला काउंटरपाशीच धरलं.

“आठ गुण नकोत. तीन बास.”

“कुठले तीन?”

“अंग, डोकं, छाती. ताकद, चपळाई, दम हे सगळं अंगात आलं. धाडस आणि वजन छातीत. उरलेलं डोक्यात.”

त्यानं टोस्टचा पुडा खाली ठेवला. “बुद्धी आणि शहाणपण एकच? मधूताई, अगं आपल्या गावात बुद्धिमान माणसं पोत्यानं आहेत, त्यातली शहाणी किती?”

“तुझ्यासारखी दोन्हीकडून कोरडीपण आहेत. ऐक की जरा. दहा वजा कर, निम्मं कर, हे कशासाठी? चपळाई सतरा म्हणजे शेवटी फाशाला तीनच मिळतात ना? मग तो सतरा मिरवायला ठेवलाय का? सरळ तीनच म्हण.”

“तो सतरा हंबीरला खरा पडलेला आहे!” धैर्यशील एकदम कावला. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याचंही भान त्याला राहिलं नाही. “माझ्यासमोर पडलेला. केवढा नाचला होता. तो मी खोडू? सहा वर्षं राबून बनवलंय त्यानं ते. तू बालवाडीचा खेळ करून ठेवशील, आणि तो परत आला की त्याला काय सांगायचं? तू नव्हतास म्हणून तुझं घर पाडलं?”

“परत कुठून येणार आहे तो?” मी विचारलं.

तो पुड्याची सुतळी बोटाला गुंडाळत राहिला.

“धैर्या, तो आलाय. घरी आहे. आत्ता आंघोळ करून आमटीभात खात असेल. तू कुणाची वाट बघतोयस?”

त्याचे डोळे भरले. पुडा उचलला आणि पैसे न देता, निरोप न घेता तसाच निघून गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मला वाईट वाटलं, पण मी थांबले नाही. नुसते गुण कमी करून भागत नव्हतं, हेही लक्षात आलं. तीन गुण घेतले तरी बेरीज राहतच होती. फाशावर अकरा, त्यात तीन मिळवा, की झालं, पुन्हा घाम. बेरीजच नको होती. मोजायचं नाही, नुसतं बघायचं, असं काहीतरी हवं होतं. बटर भाजताना विचार करायचे, पाव कापताना विचार करायचे. एकदा तर विचारांच्या नादात एक अख्खा ट्रे जाळला. शेवटी लुडोचे साधे फासे आणले आणि स्वयंपाकघरात आईला गाठलं.

“आई, हे सहा फासे. अंग, डोकं आणि छाती यांत वाटून टाक.”

“मला भाजी चिरायचीय.”

“आधी वाट.”

आईनं डोक्याला तीन दिले, छातीला दोन, अंगाला एक. “गुडघे गेलेत माझे,” ती म्हणाली.

“आता समोर वाघ आलाय. काय करशील?”

“हाकलीन. दुसरं काय?”

“मग छातीचे दोन फासे टाक. एकावर तरी पाच किंवा सहा दिसला तर वाघ पळाला.”

आईनं फासे टाकले. एक आणि तीन. मी तिच्यासमोर मांडलेल्या तीन चिंचोक्यांतला एक काढून घेतला.

“हे काय?”

“वाघानं पंजा मारला. तिन्ही चिंचोके गेले की तू मेलीस.”

“हात मेल्या!” आई वाघाला म्हणाली, आणि मला न विचारता फासे पुन्हा उचलले. “आता डोक्यानं घेते. चुलीतलं लाकूड फेकते त्याच्यावर.” तीन फासे पडले, त्यात एक सहा. “पळाला! पळाला का नाही?”

“पळाला.”

आई खुदकन हसली. भाजी तशीच राहिली होती. मग ती एकदम गंभीर झाली आणि चिंचोक्यांवरून बोट फिरवत म्हणाली, “यात लपवायला जागाच नाही गं कुठं.”

“म्हणूनच केलंय,” मी म्हणाले.

फासे आणि चिंचोके घेऊन मी तशीच हंबीरच्या खोलीत गेले. तो पडला होता. मी कॉटवर बसले आणि त्याच्या पाठीला सांगितलं काय काय बदललंय ते. 

“लहान मुलांचा?” तो भिंतीला म्हणाला.

“तू बघ आणि ठरव. खेळ तुझा आहे. नाही पटला तर मी हे सगळं चिंचोक्यांसकट चुलीत घालते.”

तो उठून बसला. मी गादीवर फासे ओतले. “वाटून घे. बाजिंद्याला काय किती, ते तूच ठरव.”

मला वाटलं होतं तो अंगाला जास्त देईल, ती सतरा चपळाई होती ना. त्यानं छातीपुढं तीन फासे ठेवले. अंगापुढं दोन. उरलेला एक फासा चिमटीत धरून बघितला आणि डोक्यापुढं टाकला.

“डोक्याला एकच?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“बाजिंदा कधी विचार करतो?” हंबीर म्हणाला. त्याचा ओठ जरासा हलला. मग त्यानं विचारलं, “आडोसा?”

“नाही. कारभाऱ्यानंही टेबलावर, सगळ्यांसमोर टाकायचं.”

“धैर्या ऐकेल?”

“ऐकवते.”

नवे नियम, आडोसा नाही हेसुद्धा, मी नाझियाकडून धैर्यशीलला कळवले; पण रविवार उजाडला तरी तो येतो का नाही, याचा मला पत्ता नव्हता. जेवणं उरकली, नाझिया आली, टेबल मांडलं, हंबीर येऊन बसलासुद्धा. कारभाऱ्याची खुर्ची रिकामी. शेवटी फाटक वाजलं. धैर्यशील आत आला, काखेत पुठ्ठ्याचा आडोसा होता.  त्यानं तो आमच्या सगळ्यांसमोर गुडघ्यावर धरून मोडला, दारामागं टाकला आणि खुर्ची ओढून बसला.

“आधीच सांगतो, बुद्धी आणि शहाणपण वेगळंच,” तो म्हणाला. “चला. गडाच्या चोरदरवाज्यापाशी आहात तुम्ही. आत दिवे लागलेत.”

खेळ सुरू झाला. मी आपली रखमाकडे लक्ष न देता खेळत होते, डोळे सगळे हंबीरच्या हाताकडे. पहिल्यांदा त्यानं फासे टाकले तेव्हा आम्ही तिघंही सवयीनं पुढं वाकलो, त्याला सांगायला. त्यानं हात आडवा धरला. स्वतः बघितलं. “सहा आहे. जमलं,” म्हणाला. आम्ही मागं सरकलो.

बाजिंदा चोरदरवाज्यातून आत शिरला. पहारेकऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून ‘मीच नवा हवालदार’ म्हणाला, आणि ते खपलं! तिजोरीच्या खोलीत कुत्रं अंगावर आलं, तिथं पहिला चिंचोका गेला. हंबीरनं तो स्वतःच्या बोटानं पुढं ढकलला. जिन्यावर तलवार लागली, दुसरा गेला. तोही त्यानंच ढकलला. मग शिपाई दोन्ही बाजूंनी आले, आणि बाजिंदा तटावर चढून उभा राहिला. समोर दरी, पलीकडे बुरूज.

“मागं फिर,” नाझिया म्हणाली. “शरण जा. आम्ही सोडवून आणतो तुला.”

“उडी,” हंबीर म्हणाला.

“एकच चिंचोका राहिलाय हंबीर,” मी म्हणाले.

“दिसतोय मला. उडी.”

त्यानं अंगाचे दोन फासे घेतले, मुठीत खुळखुळवले आणि टाकले. एक लगेच थांबला, चार. दुसरा टेबलाच्या कडेपर्यंत गरगरत गेला आणि तिथं बसला. दोन.

 आई दारात येऊन उभी होती, तिलाही आता फासे वाचता येत होते.

धैर्यशीलनं घसा खाकरला. “म्हणजे... तटाच्या खाली ना, कड्याला एक झुडूप...”

हंबीरनं मान वर केली. नुसतं बघितलं त्याच्याकडे. धैर्याला लाथ घालायला मी टेबलाखाली पाय उचलला होता, पण वेळ आली नाही.

“झुडूप नव्हतं,” धैर्यशील म्हणाला.  “काहीच नव्हतं तिथं. सरळ दरी.”

हंबीरनं शेवटचा चिंचोका बोटानं ढकलला. तो जाऊन बाकीच्या दोघांना भिडला.

“मेला,” तो म्हणाला. फाशांकडे परत एकदा बघून त्यानं खात्री केली. “बघितलं मी. मेला बाजिंदा.” आणि तो हसायला लागला. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, अपघाताआधी हसायचा तसा. “खड्ड्यात गेला! डोकं नाहीच त्याला!” नाझिया हसत होती का रडत होती ते तिचं तिलाच ठाऊक. मी तर सरळ रडत होते, लाजबिज सोडून.

मग तो उठला आणि स्वयंपाकघराकडे निघाला.

“कुठं चाललास?” आईनं विचारलं.

“चहा,” तो म्हणाला. “मी मेलोय ना.”

आईनं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत उतू गेलेलं ते दूध मला दिसत होतं. ती त्याच्यामागं निघाली तसं मी तिचं मनगट धरलं.

“मधू, गॅस आहे गं.”

“ठाऊक आहे. बस आई.”

“अगं पण...”

“बस.”

ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर टेकली. आतून भांड्याचा आवाज आला. मग लायटर कटकट वाजला, पेटला नाही. पुन्हा वाजला. आईनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. तिसऱ्यांदा भक्कन पेटल्याचा आवाज आला. मग पाणी, मग बत्त्यानं आलं ठेचल्याचा आवाज. फार वेळ लागला. आम्ही चौघं टेबलाभोवती नुसते बसून होतो, आणि मेलेल्या बाजिंद्याचे फासे तसेच पडले होते.

शेवटी गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला. आईनं श्वास सोडला.

हंबीर ट्रे घेऊन आला. थोडा चहा बशांत सांडला होता. त्यानं प्रत्येकासमोर कप ठेवला, आईसमोरही, आणि आपला कप घेऊन बसला. मी घोट घेतला. आल्याचा ठसका होता, रंग झकास होता, आणि साखरेचा कणही नव्हता. नाझियानं कपावरून माझ्याकडे बघितलं. आई तोंडातला घोट तसाच धरून बसली. पुढं काय करायचं ते कुणालाच कळेना.

धैर्यशीलनं कप खाली ठेवला.

“हंबीर,” तो म्हणाला, “साखर विसरलास लेका.”

हंबीरनं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, “हां, विसरलो,” म्हणाला आणि डबा आणायला आत गेला. आई जागची हलली नाही.